आधी वायर हलवून बघा

फोनवर मी तेवढंच सांगते, नेहमी.
आधी वायर हलवून बघा.
चनबसप्पा मुनीम चिडतात.
"मी काय कालचं पोरगं हाय का? हलवली की. चारदा हलवली."
मग बंद करून चालू करा.
"केलं."
मग दुसऱ्या भोकात घालून बघा.
इथं ते गप्प होतात. पाठीमागं माग बोलत राहतात,
खटक् फटक्, खटक् फटक्,
आणि मला कळतं, जावं लागणार.

अक्कलकोट रोड, एप्रिल, दुपारचे अडीच.
स्कूटीची सीट तापलेल्या तव्यासारखी.
पिशवीत दोन केबली, एक माउस, टेस्टर, ब्रश
आणि आईनं बांधलेली कडक भाकरी,
जिचा एव्हाना चुरा झाला असणार.

ऑफिस म्हणजे मागांच्या शेडला टेकवलेली प्लायवूडची खोली.
कॉम्प्युटरवर टॉवेल पांघरलेला,
एक्स्पोर्टमधून परत आलेला, शिवण चुकलेला.
मी टेबलाखाली शिरते.
तिथलं जग निराळंच असतं:
सात वायरी, त्यातली एक कुठंच जात नाही,
पेढ्यांचा रिकामा खोका, एकच चप्पल, पालीचं अंडं,
कीबोर्डची वायर माउसच्या गळ्यात.
चपटी पिन चपट्या भोकात, गोल ती गोलात.
एवढ्यावर भागत असतं तर माझं घर चाललं नसतं.

प्रिंटरचा दिवा हिरवा.
पडद्यावर मात्र: उपकरण सापडत नाही.
उपकरण माझ्या गुडघ्याला टेकलेलं.

केबल बदलली. नाही.
ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. नाही.
मग सगळं बंद केलं
आणि मोबाईलचा उजेड भोकात मारला.
आत सूत.
पिंजून पिंजून घट्ट बसलेला पांढरा बोळा.
या गावात ते सगळीकडे जातं,
डाळीत, पापण्यांत,
दारात उभ्या भूमय्याच्या छातीत.

ब्रश आत जाईना. चिमटा जाड.
"थांब अम्मा," भूमय्या म्हणाला,
आणि कानामागून काढली
फणी भरायची चपटी आकडी.
चाळीस वर्षं एकेक तार
एकेका फटीतून ओढून घेतलेला हात.
श्वास धरला, जरा फिरवली,
बोळा अख्खा बाहेर आला, दुधाच्या दातासारखा.
"करंट बंद हाय ना?" हे त्यानं नंतर विचारलं.

"आमच्या जकार्डला पुठ्ठ्याची पत्रं होती.
भोक असलं की दोरा वर, नसलं की खाली.
तुमचं बी तसंच का?"
तसंच, मी म्हणाले. फक्त भोकं दिसत नाहीत.

टिंग.
प्रिंटर खोकला, गरगरला, कागद ओढू लागला.
तीन दिवस मुनीमांनी जे जे दाबलं होतं
ते रांगेत उभंच होतं.
एकच नोटीस, एकामागून एक:
एक तारखेपासून शेड नंबर दोन बंद.
बारा माग भंगारात.
खाली नावं.

रद्द करायचं बटण कुठं असतं ते मला ठाऊक आहे.
चौथ्या कागदाला हात नेलाही होता.
भूमय्या मराठी सावकाश वाचतो,
तो अजून पहिल्याच ओळीवर होता.
"राहू द्या," मुनीम म्हणाले, माझ्याकडे न बघता,
"लागतील. सगळ्या दारांना लावायच्या हायत."

नऊ निघाले.
भूमय्यानं ते टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या,
टॉवेलची थप्पी लावावी तशा.
आकडी पुन्हा कानामागं गेली.
"चालू झालं की," तो मला म्हणाला, कौतुकानं.

दोनशे घेतले. केबलचे नाहीत, जुनीच लागली.
"बिघडलं काय होतं? पावतीवर लिहायला पायजे."
मी म्हटलं, लिहा, सूत.
त्यांनी पेन थांबवलं.
सुताचं खातं वेगळं होतं, त्यात हे बसेना.
शेवटी किरकोळमध्ये टाकलं.